बोलायचं असलं की थांबायचं

पहिल्यांदा पडलात ते मोरीत नाही.
भीती मला मोरीचीच होती. तिथे दांडा बसवून घेतला,
फरशी खरखरीत केली, साबणालासुद्धा दोरी बांधली.
पडलात ते बाहेरच्या खोलीत,
कोरड्या जमिनीवर, भर सकाळी दहाला,
कारण मी आतून विचारलं,
"डाळढोकळीत गूळ किती घालू?"
आणि तुम्ही उत्तर द्यायला वळलात.

किन्नरीबेनने आल्या आल्या वही काढली.
कुठे, केव्हा, पायात काय होतं,
दाबाची गोळी किती वाजता, रात्री किती वेळा उठतात,
ताटात डावीकडचं तसंच राहतं का?
राहतं, म्हटलं. गेल्या पौषात डावं अंग गेलं तेव्हापासून
डावीकडची भाजी ह्यांच्या लेखी वाढलेलीच नसते.
मग डावीकडची चौकटही नसणार, ती म्हणाली,
आणि तुमच्या खांद्यावरचा निळा डाग
मला तेव्हा कळला.

छाणी नाक्यावर तीस वर्षं तुम्ही ट्रक अडवलेत.
फणसेसाहेबांच्या नजरेतून गोणी सुटत नाही, म्हणायचे लोक.
जकात उठली, नाका मोडला,
आणि आता चार बोटांचा उंबरा
तुम्हाला उभं करून कागद मागतो,
उजवा पाय सोडतो,
डावा ठेवून घेतो.

रात्रीचं वेगळंच.
तीनला उठता, दिवा लावत नाही,
माझी झोप मोडू नये म्हणून.
चव्वेचाळीस वर्षांत इतकी काळजी पहिल्यांदाच केलीत,
आणि केलीत ती अशी.
मी जागीच असते.
एक पाय वाजतो, एक घासतो.
वाजतो, घासतो.
घासणं थांबलं की माझा श्वास थांबतो.

दुसऱ्यांदा पडलात ते सांगितलंच नाहीत.
हळदीच्या डब्यात बोटं उमटली होती,
उजव्या हाताची.

मग एक दिवस ती म्हणाली, काका, चालता चालता
सोमांथी सात सात बाद करो.
शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी.
आणि पाय जमिनीला चिकटले.
हिशोबाचा माणूस. शहाऐंशीतून सात गेले तर
झोपेतही सांगितलं असतंत.
सांगितलंतही,
पण उभं राहून.
जाताना तिने मला जिन्यात गाठलं:
चालताना बोलायला लावू नका.
एका वेळी एकच, चालणं नाहीतर बोलणं.

मी हो म्हटलं, आणि मग कमाटीबाग आठवली.
दोन खोल्यांत सासूबाई, तुमची बहीण, तीन पोरं;
भांडायलासुद्धा आपण बागेत जायचो.
फिया, कर्ज, मी नोकरी सोडायची की नाही,
सगळं पाय चालू ठेवून ठरवलं.
समोरासमोर बसून आपल्याला कधी बोलताच आलं नाही.
तुम्ही झाडांकडे बघत रागवायचात,
मी रस्त्याकडे बघत रडायची,
आणि फेरी पूर्ण झाली की
वाटाण्याच्या शेंगा घेऊन घरी.

आता मी तुमच्या डाव्या हाताला चालते,
जिथे तुमच्या लेखी कोणीच नसतं.
पट्टा धरलेला, जीभ चावलेली.
काल विश्वामित्रीच्या पुलावर
लोक कठड्यावरून वाकून मगर बघत होते.
गाळावर पडली होती, तोंड उघडं टाकून, अगदी निवांत.
इतकं वाटलं सांगावंसं.
नाही सांगितलं.

पूल संपला. पानाच्या गल्ल्यापाशी
तुम्ही स्वतःहून थांबलात.
काठी टेकवलीत, आधी मान वळवलीत,
मग खांदा, मग सगळं अंग,
जसा भरलेला ट्रक मागे घेतात तसं
हळूहळू डावीकडे,
माझ्या तोंडासमोर येईपर्यंत.
"त्या बाजूला काय होतं ग?"

नीट उभे राहा आधी, म्हटलं.
सांगते.